सुंठमावशींच्या वहीतली शून्ये

३ फेब्रुवारी २००४, सायंकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी सुंठमावशींनी मला विचारले, "कुठलं डोकं दुखतंय?"

मी त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारात एक डोळा मिटून उभी होते. डोके मला एकच आहे, हे उत्तर ओठांवर आले होते. पण बोलले की कपाळात घण पडत, म्हणून ते गिळले. मावशींनी गॅस बारीक केला, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले आणि स्वतःशीच वर्गवारी सुरू केली. "उन्हाचं नाही, माघ चाललाय. पोटाचं म्हणावं तर जीभ स्वच्छ आहे. जागरणाचं असतं तर उभ्या उभ्या पेंगली असतीस. म्हणजे थंडीचं. बसने आलीस ना? खिडकीशी बसलीस? बसणारच. माणसाला पाच डोकी असतात, अनघा. रावणाच्या निम्मी. आधी कुठलं ते ठरवायचं, मग लेपाचं बघायचं."

तेव्हा मी शरीरक्रियाशास्त्रात एम.एस्सी. करत होते. डोकेदुखीचे शास्त्रीय प्रकार मला पाठ होते आणि त्यांत 'खिडकीशी बसल्याची' अशी नोंद नव्हती. तरी मी मुकाट्याने पाटावर बसले. दुखणाऱ्या डोक्याने वाद घालता येत नाही, हे मात्र दोन्ही शास्त्रांना मान्य असावे.

मावशींचे खरे नाव खालच्या पत्रपेटीवर रंगवलेले होते. ते पोस्टमनशिवाय कोणी वापरत नसे. दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगर या सरकारी वसाहतीतल्या आमच्या ब्लॉकमध्ये त्या तळमजल्यावर राहत आणि आम्ही दुसऱ्या मजल्यावर. मावशींचे यजमान, ज्यांना सगळे काका म्हणत, केंद्राच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते. दोघे अमरावतीकडचे; पंचवीस वर्षे दिल्लीत काढूनही मावशींचे हिंदी 'बिल्कुल' आणि 'अच्छा' या दोन खांबांवर उभे होते. मधला सगळा भाग मराठी. तेवढ्या भांडवलावर त्या गढवाली, तमिळ, बंगाली आणि पंजाबी डोकी तपासत आणि कोणाचेही काही अडत नसे. ब्लॉकमध्ये चौदा घरे होती. त्यांतल्या एकाही घरात त्यांच्या सहाणेवरची सुंठ कपाळाला न लावलेला माणूस मला भेटला नाही.

'माझ्या हाताला गुणबिण काही नाही' हे त्यांचे आवडते वाक्य. ते विनयाने म्हटलेले नव्हते. ती कामाची विभागणी होती. सुंठ ज्याची त्याने उगाळायची. सहाणेवर चार थेंब पाणी टाकून त्या सुंठेचा खडा हातात देत आणि म्हणत, "सावकाश. चटणी वाटायची नाहीये." खडा गोल फिरवता फिरवता दहा मिनिटे सहज जात. मग तो पातळ, करडा लेप त्या स्वतः एका बोटाने लावत, डोळ्यांपासून दोन बोटे दूर, आणि बजावत, "चुरचुरलं तर चालेल. भाजलं तर लगेच पुसायचं, शूरपणा नको." उन्हाच्या डोक्याला सुंठ वर्ज्य; त्याला धणे भिजवलेले पाणी आणि चंदन. पोटाच्या डोक्याला ओवा नि काळे मीठ. जागरणाच्या डोक्यासाठी तळपायांना तूप लावून काशाची वाटी घासायची. पाचवे डोके त्यांच्या यादीत 'गिळलेल्या शब्दांचं' होते. त्याच्यावर लेप नव्हता. कोमट पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसायचे. मावशी शेजारी भाजी निवडत बसत, एकही प्रश्न विचारत नसत आणि बहुधा पाणी गार होण्यापूर्वी माणूस बोलू लागे.

काकांनी या यादीत भर घालण्याचा प्रयत्न केला होता. संसदेचे अधिवेशन चालू झाले की ते सोमवारी सकाळी कपाळ धरून बसत आणि म्हणत, "हे प्रश्नोत्तराचं डोकं आहे. सहावं धर."

"सहावं नाही. पोटाचंच आहे. रविवारी भजी कोणी खाल्ली?" मावशी ओव्याची बरणी त्यांच्यापुढे ठेवत.

त्या पहिल्या संध्याकाळी माझे दुखणे, शून्य ते दहा या मोजपट्टीवर, लेपापूर्वी सात होते. चाळीस मिनिटांनी तीन. मी चकित झाले आणि मग स्वतःच्या चकित होण्याचाच मला राग आला. तीन स्पष्टीकरणे तर तिथल्या तिथे दिसत होती. एक, सुंठेने त्वचा चुरचुरते आणि मेंदूचे लक्ष तिकडे वळते. दोन, दहा मिनिटे सहाणेसमोर मान खाली घालून संथ बसल्याने खांदे सैल होतात. तीन, डोकेदुखी कळसाला असतानाच माणूस औषधाकडे धावतो आणि कळसानंतर ती तशीही उतरते. यातले खरे कोणते? की तिन्ही? की एकही नाही? जिना चढताना मी ठरवले की हे मोजायचे.

मला मेमध्ये संशोधनाच्या जागेसाठी मुलाखत द्यायची होती. इतर उमेदवार पाठ्यपुस्तकातले बोलतील. माझ्याजवळ स्वतः गोळा केलेली निरीक्षणे असतील, हा विचार मला फार आवडला. हेतूत महत्त्वाकांक्षा होती, हे लपवण्यात अर्थ नाही. मावशींना विचारले तेव्हा त्या पोळ्या लाटत होत्या.

"मोज बाई. मोजल्यानं कोणाचं कमी झालं तर मला लावायला कमी."

"तुम्ही कधी मोजलं नाही? कोणाला बरं वाटलं, कोणाला नाही?"

"त्यात मोजायचं काय? ज्याला बरं वाटतं तो येत नाही. ज्याला नाही वाटत तो मला शिव्या द्यायला येतो. दुसऱ्यांदा आला तर लेप बदलते. तिसऱ्यांदा तेच डोकं घेऊन आला तर त्याला दवाखान्यात हाकलते, रक्तदाब बघ, डोळे तपास म्हणते. एकदम वीज पडल्यासारखं दुखलं, नाहीतर बोलणं अडखळलं, तर पहिल्यांदाच हाकलते. झालं."

ही पद्धत मला भाबडी वाटली. आज लिहिताना हा शब्द वापरायला हात अडखळतो, पण तेव्हा तोच वाटला होता.

मी वही केली, आणि फार सुबक केली. पानांना क्रमांक दिले. पट्टीने रकाने आखले: दिनांक, वेळ, नाव, लेपापूर्वी, लेपानंतर अर्ध्या तासाने. शून्य म्हणजे दुखणे नाही, दहा म्हणजे असह्य, हे पहिल्या पानावर हिंदीत आणि इंग्रजीत लिहिले. प्रत्येक पानाच्या डोक्यावर 'उपचार करणाऱ्याचे नाव' अशी ओळ घालून तिथे मावशींचे खरे नाव लिहिले आणि तळाशी त्यांची सही घेतली. प्रयोगशाळेत आम्हांला असेच शिकवले होते. दिवसभर मी कॉलेजात असल्यामुळे वही त्यांच्या स्वयंपाकघरात, सहाणेशेजारी, दोरीला बांधलेल्या पेनसह ठेवली. येणाऱ्याने आपले दोन आकडे स्वतः लिहायचे. बाहेरच्या माणसाची लुडबूड नको, हा त्यामागचा विचार.

पहिल्या दोन आठवड्यांतले आकडे मला अजून आठवतात, कारण ते गबाळे होते. सातावरून चार. सहावरून सहा. पाचावरून दोन. एका तमिळ गृहस्थांचे चारावरून पाच झाले होते आणि त्यांनी समासात खुलासा केला होता की मधल्या वेळात सासूबाईंचा फोन आला. मला हे सगळे विश्वासार्ह वाटत होते. जिवंत माणसांचे आकडे असेच वेडेवाकडे असतात.

मार्चच्या मध्यापासून वही बदलली. सातावरून शून्य. आठावरून शून्य. पाचावरून शून्य. पान उलटावे तर शेवटच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत शून्यांची माळ ओवलेली. मी हादरले, मग हरखले, मग पुन्हा हादरले. सुंठ तीच, खारी बावलीच्या मसाला बाजारातल्या त्याच दुकानातली. सहाण तीच. दोन आठवड्यांत असे काय घडले? हवा गरम झाली म्हणावे तर उन्हाची डोकी वाढायला हवी होती. तीही शून्यावर येत होती. चंदनानेही शून्य, ओव्यानेही शून्य, नुसत्या गरम पाण्यात पाय सोडूनही शून्य. पाच वेगवेगळे उपचार आणि निकाल एकच! असे कोणतेच औषध करत नाही.

मी वही आमच्या विभागातल्या मॅडमना दाखवली. त्यांनी दोन मिनिटे पाने चाळली. "शून्यांचा एवढा ढीग मी फक्त नापासांच्या यादीत पाहिलाय," त्या म्हणाल्या. "मार्चपासून यात एकही जण 'काही फरक पडला नाही' म्हणत नाही? मग हे डोकेदुखीचं मोजमाप नाही. दुसऱ्याच कशाचं तरी आहे. कशाचं, ते शोध."

मी शोधू लागले, पण चुकीच्या जागी. सुंठ पालटून पाहिली. अर्ध्या तासाऐवजी पंधरा मिनिटांनी लिहायला सांगितले. शून्य पंधरा मिनिटांतच येऊ लागले. मावशींना विचारले तर त्याही गोंधळलेल्या दिसल्या.

"काय चाललंय कळत नाही, अनघा. हल्ली शिव्या द्यायला कोणी येत नाही. पहिल्या मजल्यावरची शकुंतला बघ. दोनदा येऊन गेली. मला वाटलं तिसऱ्यांदा येणार, मी तिला दवाखान्यात पाठवणार. आलीच नाही."

"वहीत दोन्ही वेळा शून्य आहे तिचं."

"हो ना. मग बरं वाटलं असेल." त्या म्हणाल्या. "नाहीतर मला टाळते आहे. पण मला का टाळेल?"

शकुंतलाजी गढवालकडच्या, पन्नाशीच्या आसपासच्या, एका सरकारी कार्यालयात असिस्टंट. रोज सकाळी आठ वीसला त्या चार्टर्ड बससाठी जिना उतरत. एप्रिलच्या अखेरीस एका सकाळी त्या शेवटच्या पायरीवर बसल्या आणि तिथेच कलंडल्या. आवाज पहिल्यांदा मावशींनी ऐकला. मी पोहोचले तोवर मावशींनी त्यांना कुशीवर वळवले होते आणि काका रिक्षा घेऊन आले होते. आम्ही दोघी त्यांच्याबरोबर रुग्णालयात गेलो. रक्तदाब इतका चढला होता, की आकडा ऐकून मी यंत्र बिघडले असेल असे म्हणाले. परिचारिकेने माझ्याकडे नुसते पाहिले. यंत्र ठीक होते.

त्या शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी विचारले, "सिरदर्द कब से है?"

"डेढ़ महीने से," शकुंतलाजी म्हणाल्या. "रोज़ शाम को."

मावशी पलंगाच्या पायथ्याशी उभ्या होत्या. एवढे हिंदी त्यांना पुरेपूर समजत होते. त्यांनी पलंगाची दांडी धरली आणि माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्यात राग नव्हता. मी शिकलेली होते, मी वही ठेवली होती. या दीड महिन्याचा अर्थ मी सांगावा, एवढेच त्यात होते.

शकुंतलाजी वाचल्या. उजव्या डोळ्याला महिनाभर अंधूक दिसत होते. तेही नंतर गोळ्यांनी निवळले. पण त्याच दिवशी दुपारी घरी आल्यावर मावशींनी सहाण धुतली, पुसली आणि फडताळाच्या सर्वांत वरच्या फळीवर, जिथे त्यांचा हात पोहोचत नसे अशा जागी, स्टुलावर चढून ठेवली.

"माझ्या लेपानं तिचं दुखणं झाकलं," त्या म्हणाल्या. "आत आग आणि वरून मी सुंठ लावत बसले. पुरे झालं."

"मावशी, दोन लेपांनी दीड महिना काही झाकला जात नाही."

"मग तुझ्या वहीत शून्य कसं आलं?"

त्या संध्याकाळी कोणी तरी कपाळ धरून दारात आले. मावशींनी दार उघडून सांगितले, "दवाखान्यात जा," आणि दार लावून घेतले. काका बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र धरून बसले होते. ते त्यांनी उलटे धरले होते, हे माझ्या लक्षात आले आणि मी ते सांगितले नाही.

आठ दिवसांनी शकुंतलाजी घरी परतल्या. मी वही घेऊनच गेले. त्यांच्या हातच्या दोन नोंदी दाखवून विचारले, की त्या वेळी खरोखरच दुखायचे थांबले होते का.

त्या हसल्या. "अरे नहीं बेटा. थोड़ा हल्का हुआ था बस. लेकिन वह तो बहनजी की सी.आर. थी न? उसमें मैं उल्टा-सीधा क्यों लिखती?"

सी.आर. म्हणजे गोपनीय अहवाल. सरकारी नोकराचे वर्षभराचे काम साहेब त्यात नोंदवतो आणि त्यातला एक वाईट शेरा दहा वर्षांची बढती अडवतो. त्या कॉलनीतली प्रत्येक कर्ती व्यक्ती त्या कागदाला भीत असे. मग मी वहीचे पान शकुंतलाजींच्या नजरेने पाहिले. पानांना क्रमांक. डोक्यावर 'उपचार करणाऱ्याचे नाव'. खाली त्याच व्यक्तीची सही. रकाने. दोरीला बांधलेले पेन. काकांनी मार्चमध्ये जिन्यात दोन-चार जणांना अभिमानाने सांगितले होते, की हिचे रेकॉर्ड तयार होते आहे आणि ते वर संशोधनात जाणार आहे. एवढे पुरेसे होते. ब्लॉकने आपापसांत एक शब्दही न बोलता ठरवून टाकले होते, की मावशींच्या फाइलला डाग लागता कामा नये.

"और तीसरी बार आप गयीं क्यों नहीं?" मी विचारले.

"ज़ीरो लिख चुकी थी," त्या म्हणाल्या. "अब किस मुँह से जाती कि दर्द तो है?"

मी पुढचे दोन दिवस दारोदार फिरले. चौदांपैकी नऊ घरांनी थोड्याफार लाजेने हेच कबूल केले. सासूबाईंच्या फोनवाल्या गृहस्थांनी तर माफी मागितली, की सुरुवातीला त्यांनी पाच लिहिले तेव्हा वहीचे स्वरूप त्यांना माहीत नव्हते. तो आकडा आता दुरुस्त करता येईल का?

मला मावशींकडे जायचे होते आणि जाववत नव्हते. ही गोष्ट सांगितली नाही तर त्या जन्मभर समजणार होत्या, की त्यांच्या लेपाने शकुंतलाजींचे दुखणे झाकले. सांगितली तर ते झाकणारी मी ठरत होते. एवढे सरळ समीकरण सोडवायला मला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी सकाळी मी गेले. मावशी मेथी निवडत होत्या. मी उभ्याउभ्याच सगळे सांगितले: सी.आर., डाग, नऊ घरे, 'किस मुँह से जाती'.

त्यांनी मेथीची जुडी संपवली. मग म्हणाल्या, "म्हणजे शून्यं खोटी होती."

"बहुतेक."

"म्हणजे लेपानं झाकलं नाही. वहीनं झाकलं."

"हो. माझ्या वहीने."

"शकुंतला तिसऱ्यांदा आली असती, मी तिला हाकलली असती. पंचवीस वर्षं हेच करतेय मी." त्यांचा आवाज चढला. मी तो प्रथमच चढलेला ऐकला. "माझ्याकडे एकच अक्कल होती, अनघा. लोक मला शिव्या द्यायला यायचे. ती माणसं तू बंद केलीस! तुला आकडे हवे होते तर माझ्या दारात बसून त्यांची तोंडं बघायची होतीस."

"चुकले, मावशी."

"चुकलीस. बिल्कुल चुकलीस." त्यांनी देठ गोळा केले. "बस आता. चहा घेणार?"

चहा घेतला. पण सहाण वरच्या फळीवरून खाली आली नाही. मी विचारले तर म्हणाल्या, "लोक आता मला खरं सांगणार नाहीत. आणि ज्याला खरं सांगत नाहीत त्यानं लेप लावू नये." मी वहीतली पाने फाडून टाकण्याची तयारी दाखवली, तर त्या म्हणाल्या, पाने फाडून लोकांच्या डोक्यातली सी.आर. फाटत नाही. हे त्यांनी अगदी शांतपणे सांगितले. पुढचे कित्येक महिने त्या येणाऱ्याला दवाखान्याचा रस्ता दाखवत राहिल्या. मला डोके दुखले की मी गोळी घेई. गोळीने बरे वाटे. किती वाटे ते मी लिहून ठेवले नाही.

मेमध्ये मुलाखत झाली. वही मी घरी ठेवून गेले. कोणीतरी विचारले, तुम्ही स्वतंत्रपणे काही निरीक्षण केले आहे का. मी म्हणाले, केले होते, ते फसले. आणि कसे फसले ते सांगितले. समितीतले एक गृहस्थ हसले, एक हसले नाहीत. मला जागा मिळाली. त्या उत्तरामुळे मिळाली की ते उत्तर देऊनही मिळाली, हे मला आजही सांगता येणार नाही.

काका जुलैच्या अखेरीस निवृत्त झाले. क्वार्टर काही महिने ठेवता येत होते, ते त्यांनी ठेवले. अमरावतीचे घर दुरुस्त होत होते. डिसेंबरात सामानाचा ट्रक गेला. १२ डिसेंबरला, रविवारी, त्या दोघांची दुपारची गाडी होती. सकाळी मी डबा घेऊन खाली गेले तेव्हा घर मोकळे झाले होते. भिंतींवर कॅलेंडरांचे पांढरे चौकोन उरले होते. काका रिक्षाचे बघायला बाहेर गेले होते. मावशी स्वयंपाकघरात जमिनीवर, भिंतीला टेकून, एक डोळा मिटून बसल्या होत्या.

वर्षभरात मी त्यांना हा प्रश्न कधी विचारला नव्हता. त्यांचे डोके कधी दुखत असेल, हेच मनात आले नव्हते. "दुखतंय?"

"सकाळपासून. सहाण बांधायची राहिलीय बघ, वर आहे. काढ तेवढी."

मी स्टूल शोधू लागले. ते ट्रकमध्ये गेले होते. ओट्यावर चढून मी सहाण उतरवली. ती त्यांनी पिशवीत घालायला मागितली नाही. पिशवीतूनच सुंठेचा एक खडा काढून माझ्या हातात दिला.

"मी?" मी विचारले. "ज्याचं त्यानं उगाळायचं ना?"

"आज हात चालत नाही. उगाळ तू. सावकाश."

मी उगाळले. आयुष्यात मी इतक्या काळजीने प्रयोगशाळेतही काही केले नाही. डोळ्यांपासून दोन बोटे अंतर ठेवून लेप लावला. त्यांचे कपाळ मला वाटले होते त्यापेक्षा लहान होते. बाहेर कोणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. अर्ध्या तासाने त्यांनी ओल्या फडक्याने लेप पुसला, उठल्या, डब्यातली अर्धी पोळी उभ्यानेच खाल्ली, खिडकीच्या कड्या तपासल्या. कपाळावरची आठी गेली होती. मिटलेला डोळा उघडला होता. मी ते डोळ्यांनी पाहिले.

"आता लिही," त्या म्हणाल्या.

"काय?"

"आणली असशील ना काही? पर्समध्ये वही असतेच तुझ्या. लिही. लेपाआधी सहा."

मी कोरे पान काढले. माथ्यावर कोणाचेही नाव लिहिले नाही. दिनांक लिहिला, साडेनऊ ही वेळ लिहिली, सहाचा आकडा लिहिला आणि पेन थांबवले. "आणि आता?"

"सहा."

"मावशी, तुम्ही आत्ता पोळी खाल्लीत. डोळा उघडलाय."

"डोकं कोणाचं आहे? माझं ना? मग सहा."

मी त्यांच्याकडे पाहत राहिले. दुखणे खरोखर तेवढेच असावे. निघायच्या दिवशी माणूस दुखऱ्या डोक्यानेही कड्या तपासतो. किंवा ते उतरले असावे आणि मार्चनंतर वहीत कोणीच न लिहिलेला 'फरक नाही' असा आकडा मला एकदा तरी लिहायला लावायचा असावा. किंवा ते पाचवे डोके असावे, आणि मी चुकीच्या डोक्याला लेप लावला असावा. तिन्ही शक्यता निरीक्षणाशी जुळत होत्या. एकही तपासायला वेळ नव्हता. फाटकाशी रिक्षाचा हॉर्न वाजला आणि काका पिशव्या उचलायला आत आले.

"लिहिलंस?" चपला घालता घालता त्यांनी विचारले.

मी पाहिलेले लिहिले नाही. त्यांनी सांगितले ते लिहिले आणि पान त्यांना दाखवले.

लेपापूर्वी ६. अर्ध्या तासाने ६.